साडेसात क्रेडिटांचं कोडं

स्वीडनमधल्या विद्यापीठात एका सत्रासाठी गेलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: बाकीचे विषय गेले कुठे? सोमवारी संख्याशास्त्र. मंगळवार मोकळा. बुधवारी पुन्हा संख्याशास्त्र, शुक्रवारी त्याचंच प्रॅक्टिकल. पुढचा आठवडा उघडून पाहावा तर तिथेही तेच. फॉर्मवर तर चार विषय भरले होते!

चारही विषय जागेवर आहेत, फक्त रांगेत उभे आहेत. स्वीडिश विद्यापीठांत बऱ्याचदा एका वेळी एकच विषय शिकवतात. पाच आठवडे तोच, मग परीक्षा. परीक्षा झाली की तो विषय संपला, पुढच्या सोमवारी दुसरा सुरू. आपल्याकडचं सत्र म्हणजे थाळी: आमटी, भाजी, कोशिंबीर, गोड सगळं एकदम वाढलेलं, आणि परीक्षेपर्यंत मनाला येईल तसा हात फिरवायचा. तिथे एक वाटी रिकामी केल्याशिवाय दुसरी समोर येत नाही. (काही ठिकाणी दोन विषय अर्ध्या-अर्ध्या वेगानं जोडीनं चालतात. पण सगळे एकदम? क्वचितच.)

आता त्या प्रत्येक विषयापुढे छापलेला आकडा पाहा: ७.५. साडेसात क्रेडिट. साडेसात म्हटल्यावर मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडणारच, पण यात शनिमहाराजांचा काही हात नाही. मग सरळ सात किंवा आठ द्यायचे सोडून हा अर्धा आला कुठून? या अर्ध्याचा माग काढत निघालं, की परदेशात सत्र काढायला जाणाऱ्याला लागणारं जवळपास सगळं गणित वाटेत भेटतं. आणि सुरुवातच होते ती भलत्याच ठिकाणी, म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनपासून.

१९०५ साल. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर काढून दिले. पण पेन्शन द्यायची कुणाला? तेव्हा अमेरिकेत कुणीही दारावर ‘कॉलेज’ अशी पाटी लावत असे, आणि आत शाळेचेच वर्ग भरत. खरं कॉलेज ओळखायचं कसं? कार्नेगींच्या संस्थेनं अट घातली: शाळेत ठरावीक अभ्यास पुरा केलेल्यांनाच जे प्रवेश देतं, ते कॉलेज. मग ‘ठरावीक अभ्यास’ मोजायला माप हवं. ते ठरलं असं, की एखादा विषय वर्षभरात १२० तास वर्गात शिकला की एक एकक. अशी १४ एककं झाली की कॉलेजचं दार उघडं.

गंमत बघा. विद्यार्थ्याला किती कळलं, हे मोजण्याचा कुणाचा विचारही नव्हता. प्रश्न होता पेन्शनच्या यादीत नाव घालायचं की नाही, एवढाच. पण पैशाची ओढ अशी, की बघता बघता देशभरातल्या शाळा-कॉलेजांनी आपली वेळापत्रकं या मापात बसवून घेतली.

१९१० मध्ये त्याच संस्थेनं मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याला विद्यापीठांची कार्यक्षमता तपासायला पाठवलं. कुक हे फ्रेडरिक टेलर यांच्या पठडीतले, म्हणजे कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या हालचाली मोजणाऱ्यांच्या पंथातले. त्यांनी विद्यापीठांचे भौतिकशास्त्राचे विभाग पाहिले आणि एक माप सुचवलं: एका विद्यार्थ्याचा वर्गातला किंवा प्रयोगशाळेतला एक तास. कारखान्यात दर नगाचा खर्च काढतात, तसा इथे दर विद्यार्थी-तासाचा काढायचा. आज अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात, त्यांची मुळं इथे आहेत. पुढे या मापात घरच्या अभ्यासाचीही भर पडली: वर्गात एक तास, तर वर्गाबाहेर दोन.

आता अटलांटिक ओलांडून रोमला जाऊ. सोफिया कोराडी ही कायद्याची विद्यार्थिनी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परतली. आपल्या विद्यापीठाच्या कचेरीत तिनं ती पुढे केली आणि विचारलं, हे माझ्या अभ्यासक्रमात धरणार ना? उत्तर आलं ते नकाराचं, वर बोलणीही खावी लागली. परदेशात शिकून आलेलं सगळं कागदोपत्री शून्य! कोराडी या एका नकाराच्या मागे आयुष्यभर लागल्या. विद्यापीठांच्या कुलगुरूंना, सरकारांना पटवत राहिल्या, आणि १९८७ मध्ये युरोपात ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. युरोपात कोराडींना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत, ते उगाच नव्हे.

पण जायची सोय झाली तरी परत आल्यावर काय? एका देशात विषय वर्षभर चालायचा, दुसऱ्यात चार महिने. कुठे आठवड्याला आठ तास व्याख्यानं, तर कुठे दोन तास व्याख्यान आणि वाचायला पुस्तकांची चळत. यांची तुलना करायची कशी?

इथे युरोपानं जे केलं, ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत हुशारीचं वाटतं. त्यांनी शिक्षकाकडे पाहणंच सोडून दिलं. मास्तर किती तास बोलले, याला महत्त्व नाही. साधारण विद्यार्थ्याला हा विषय पुरा करायला एकूण किती तास लागतात ते सांगा. वर्गातले, ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले, रात्री दोनला अंथरुणात लॅपटॉप पोटावर ठेवून घालवलेले, सगळे. एका वर्षाचा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट. वर्षाचे तास १५०० ते १८००. म्हणजे एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं. १९८९ मध्ये व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, इतिहास, यांत्रिक अभियांत्रिकी आणि वैद्यक या पाच विषयांत प्रयोग म्हणून हे सुरू झालं, आणि आज जवळपास सगळा युरोप याच मापानं शिकतो.

दिसायला किती साधं! पण आपल्याकडून गेलेला विद्यार्थी पहिला फसतो तो इथेच, कारण वेळापत्रकात यातला छोटासा तुकडाच दिसतो.

जर्मनीतला एक विषय उघडून पाहू. सहा क्रेडिटांचा. आठवड्याला दोन तासिका व्याख्यान, दोन तासिका गणितं सोडवून घेण्याचा वर्ग. तिथली तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे आठवड्याला प्रत्यक्षात तीन तास. सत्रात व्याख्यानांचे आठवडे साधारण पंधरा. झाले ४५ तास. पण जर्मनीत एक क्रेडिट ३० तासांचं धरतात, तेव्हा सहा क्रेडिटांचे होतात १८०. उरलेले १३५ तास कुठे आहेत? वेळापत्रकात नाहीत. हजेरीपटावर नाहीत. ते तुमच्याकडे आहेत.

असे पाच विषय घेतले की ३० क्रेडिट होतात आणि वेळापत्रक दाखवतं आठवड्याला पंधरा तास. सकाळी नऊ ते पाच कॉलेज आणि वर सबमिशनं, याची सवय असलेल्या मुलाला हा स्वर्गच वाटतो. पंधराच तास? मग सहावा विषय घेऊ की! सातवाही घेऊ, नाव छान आहे!

जरा थांबून हिशेब करा. ३० क्रेडिटांचे ९०० तास. ते पंधरा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साठ तास अभ्यास. जर्मन विद्यार्थी एवढा राबतो? नाही. मग गणित चुकलं का? तेही नाही. खुबी कॅलेंडरात आहे. जर्मन हिवाळी सत्र पंधरा आठवड्यांचं नसतं, सहा महिन्यांचं असतं, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात, सत्र नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत परीक्षा द्यायच्या, वीस-पंचवीस पानी निबंध लिहायचे, राहिलेलं वाचायचं. वर्षाला पंचेचाळीस आठवडे आणि आठवड्याला चाळीस तास धरले, की बरोबर १८०० भरतात. बाहेरून जी सुट्टी दिसते ती खरं म्हणजे सत्राचा न दिसणारा भाग.

आणि आपल्याकडचं पुढचं सत्र सुरू होतं जानेवारीत! तिकडची परीक्षा फेब्रुवारीत, इकडची हजेरी जानेवारीपासून. एक्स्चेंजला जाणाऱ्याच्या नियोजनात विषय निवडण्याआधी सोडवायची गाठ ही आहे. काही प्राध्यापक पाहुण्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा आधी घेतात. काही विषयांत परीक्षेऐवजी निबंध असतो, तो घरी परतूनही पाठवता येतो. पण हे ऑक्टोबरात विचारायचं. जानेवारीत विचारणाऱ्याला नम्रपणे तारीखच सांगितली जाते.

बरं, ते साडेसात?

स्वीडननं पूर्वी आपलं स्वतःचं माप ठेवलं होतं, आणि ते किती सुटसुटीत होतं बघा: एक आठवडा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे एक गुण. वर्षाचे शिकण्याचे आठवडे चाळीस, म्हणून वर्षाचे गुण चाळीस. पाच आठवड्यांचा विषय पाच गुणांचा. शेंबड्या पोरालाही कळेल. मग जुलै २००७ मध्ये देशानं युरोपाचं ६०चं माप स्वीकारलं. चाळीसचे साठ करायचे म्हणजे प्रत्येक आकड्याला दीडनं गुणायचं. पाच गुणिले दीड, साडेसात! विषय तोच, आठवडे तेच, वर्गही तोच. तो अर्धा म्हणजे जुनं माप नव्या मापात ओतताना राहिलेली खूण. आजही स्वीडनमध्ये पूर्ण वेगानं चालणाऱ्या विषयाच्या क्रेडिटांना दीडनं भागलं की तो किती आठवडे चालणार ते कळतं. साडेसात म्हणजे पाच, पंधरा म्हणजे दहा. जाणाऱ्यानं पाठ करून ठेवावं असं हे एकच सूत्र आहे.

आणि आता योगायोग पाहा. आपल्याकडे २०२१ मध्ये क्रेडिटांची बँक आली, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा करून दुसऱ्या संस्थेत नेता येतील अशी डिजिटल खाती. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात वर्षाचं माप काय ठरलं? ४० क्रेडिट! प्रत्येकी ३० तासांचं, म्हणजे वर्षाचे १२०० तास.

समजा आपला विद्यार्थी एका सत्राची २० क्रेडिट युरोपातून आणणार आहे. तिथे त्यानं किती घ्यायची? एक उत्तर: इथलं अर्धं वर्ष म्हणजे तिथलं अर्धं वर्ष, सरळ ३०. दुसरं उत्तर: इथल्या २० क्रेडिटांचे तास ६००, तिथे क्रेडिटाला २५ ते ३० तास, तेव्हा २० ते २४ पुरेत. दोन्ही हिशेब बिनचूक, आणि उत्तरांत फरक एका अख्ख्या विषयाचा, कधी दोन विषयांचा!

हा भारताचा घोळ आहे असं वाटत असेल तर ब्रिटनकडे बघा. तिथे वर्षाला १२० क्रेडिट, प्रत्येकी दहा तासांची. पुन्हा १२००. युरोपशी देवाणघेवाण करताना ब्रिटनची दोन क्रेडिट म्हणजे युरोपचं एक, असं सर्रास धरतात. म्हणजे ब्रिटनमधले वीस तास खाडीच्या पलीकडे गेले की निदान पंचवीस होतात. यावर कुणी भांडत नाही. का? कारण सगळ्यांनी मनोमन मान्य केलंय, की तुलना तासांची नाही, वर्षाची वर्षाशी आहे. तुमच्या मुलानं आमच्याकडे वर्ष मनापासून घालवलं, तर ते तुम्ही वर्ष म्हणून धरा. इतकं काटेकोर दिसणारं हे सगळं यंत्र शेवटी एवढ्या समजुतीवर चालतं, हे कळल्यावर मी तरी थक्क झालो.

मात्र आपल्या विभागाचा समन्वयक यातला कोणता हिशेब लावणार, हे निघण्यापूर्वी कागदावर आणलेलं बरं. त्यासाठीच तो ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा करार असतो. त्यात दोन तक्ते. एकात तिथे घेणार ते विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इथले कोणते धरले जाणार ते. सह्या तीन: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या संस्थेची, घेणाऱ्या संस्थेची. सोफिया कोराडींकडे १९५८ मध्ये जे नव्हतं ते हेच, दोन तक्ते आणि तीन सह्या.

या तक्त्यांतली एक बारीक गोष्ट सुंदर आहे. विषयाला विषय जोडायचा आग्रह नसतो. तिथले पाच मिळून इथल्या सहांच्या बदल्यात, असंही चालतं. ज्याला हे माहीत नसतं तो ‘उष्मागतिकी-दोन’ला हुबेहूब जुळणारं काही शोधत आठवडे घालवतो. तसं काही नसतंच! इथला सक्तीचा विषय तिथे मिळत नसेल तर तो आधी इथेच उरकावा आणि तिथल्या सत्रासाठी ऐच्छिक विषय राखून ठेवावेत. म्हणून परदेशातल्या सत्राची तयारी खरं तर वर्षभर आधी, इथले विषय निवडतानाच सुरू होते.

करार झाला, सह्या झाल्या, विद्यार्थी पोचला, आणि पहिल्या आठवड्यात निम्मा करार कोसळला. इतक्या वेळा होतं हे, की इरॅस्मस योजनेतच त्याची सोय आहे: सत्र सुरू झाल्यावर साधारण पाच आठवड्यांत बदल करून पुन्हा सह्या घ्यायच्या. पण कोसळतो का? विचार करा. तिथला स्थानिक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला असतो, त्याचे सगळे विषय दुसऱ्या वर्षाचे असतात आणि ते एकमेकांवर आदळणार नाहीत याची काळजी विभागानं घेतलेली असते. पाहुणा मात्र एक विषय दुसऱ्या वर्षाचा उचलतो, एक तिसऱ्याचा, एक पदव्युत्तरचा, एक शेजारच्या विभागातला, वर स्थानिक भाषेचा वर्ग. हे पाच विषय कधी एका माणसाच्या आठवड्यात येतील, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मंगळवारी दहाला तीन विषय एकदम! म्हणून यादीत दोन-तीन विषय राखीव ठेवायचे, आणि त्यांनाही आपल्या विभागाची आधीच संमती घ्यायची. सुरुवातीला एखादा जास्तीचा विषय घेऊन पाहावा आणि मुदतीच्या आत सोडावा, हेही शहाणपणाचं. फक्त अमेरिकेत जपून. तिथे विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. तीन-तीन क्रेडिटांचे चार विषय असताना एक सोडला, तर प्रश्न अभ्यासाचा राहत नाही, देशात राहण्याचा होतो.

शेवटी गुण. तास जुळले, क्रेडिट जुळली, पण गुण? जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.०च्या पुढे नापास. आपल्याकडे दहापैकी आठ मिळवणारा तिथे बसतो कुठे? त्यासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ आहे. कमाल दहा आणि उत्तीर्ण होण्याची पातळी चार धरली, तर आठचे होतात बरोबर २.०. डेन्मार्क आणखी पुढे. तिथली श्रेणी १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३. हो, उणे! कोरा पेपर देणाऱ्याहूनही वाईट कामगिरी शक्य आहे, अशी जणू अधिकृत कबुली. आणि त्या दोनच्या आधीचं शून्य पाहिलंत? ते नसतं, तर दोनच्या आधी एक रेघ ओढली की लगेच बारा! नापास होता होता वाचलेला क्षणात पहिला.

पण माझा सर्वांत आवडता देश इटली. तिथे गुण तीसपैकी, उत्तीर्ण व्हायला १८ लागतात, आणि बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापक समोर बसवून प्रश्न विचारतात आणि तिथल्या तिथे सांगतात, पंचवीस. मग विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट पाहतात. कारण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला ‘नको’ म्हणता येतं! गुण नाकारायचे, घरी जाऊन आणखी अभ्यास करायचा, आणि पुढच्या तारखेला पुन्हा परीक्षेला बसायचं. तिथली मुलं सत्तावीससुद्धा बिनदिक्कत परत करतात. एक्स्चेंजला गेलेल्यालाही हे करता येतं. मात्र पुढची तारीख तीन आठवड्यांनी आणि मुंबईचं विमान पुढच्या मंगळवारी असेल, तर मुकाट्यानं पंचवीस घ्यावेत.